सिवायच्या रकान्यातले जंगल

२६ एप्रिल १९४८ रोजी भंडाऱ्याकडच्या पंढरपूर जमीनदारीच्या मालकांनी आपल्या पत्नीच्या नावे एक कागद करून दिला. २६,००० रुपयांच्या मोबदल्यात जमीनदारीतल्या जंगलातले बांबू, जळाऊ लाकूड आणि साग तोडून नेण्याचा हक्क तिला मिळाला. मुदत २६ डिसेंबर १९६० पर्यंतची. कागद निबंधकाकडे नोंदवलेला नव्हता. हा दस्त पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि ‘शांताबाई विरुद्ध मुंबई राज्य’ या नावाने कायद्याच्या पुस्तकांत कायमचा जाऊन बसला. उभे झाड स्थावर की जंगम, हे शिकवताना प्राध्यापक हाच खटला सांगतात. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यातली तारीख अधिक बोलकी आहे.

सप्टेंबर १९४६ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेने सरकार आणि कसणारा यांच्यामधले सगळे मध्यस्थ दूर करण्याचा ठराव केला होता. त्यासाठीचे विधेयक ऑक्टोबर १९४९ मध्ये मांडले गेले. शांताबाईंचा कागद या दोहोंच्या मधला. नवऱ्याने बायकोला जंगल मक्त्याने द्यायला घरगुती कारणेही असू शकतात. कागद त्याबद्दल काही बोलत नाही. पण जमीनदारी जाणार हे १९४६ पासून उघड होते. जमीन गेली तरी लाकूड घरात राहावे, अशी ही तजवीज असावी, असा तर्क या तारखांवरून करता येतो. जमीन एकीकडे आणि तिच्यावरचे लाकूड दुसरीकडे, अशी फोड त्या माणसाला स्वाभाविक वाटली, यातही नवल नाही. सरकारच्या सारावसुलीने तीच फोड जवळजवळ ऐंशी वर्षे केली होती.

ती कशी केली, हे पाहायला बंदोबस्ताच्या, म्हणजे सारा ठरवण्याच्या, कागदांकडे जावे लागते. रघूजी भोसले तिसरे डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ साली मध्य प्रांत अस्तित्वात आला. भोसल्यांच्या अमलात नागपूरकडचा पाटील काय किंवा छत्तीसगढातला गावटिया काय, गावचा वसूल गोळा करून सरकारात भरणारा माणूस होता. गाव त्याच्या मालकीचे नव्हते. छत्तीसगढात तर ‘लाखाबाटा’ची चाल होती. काही वर्षांनी गावातली सगळी शेते एकत्र धरून पुन्हा वाटायची. अशा मुलखात १८६० च्या दशकातल्या इंग्रजी बंदोबस्ताने वसूल भरणाऱ्यालाच मालक ठरवून टाकले. रायपूर जिल्ह्याचे हे काम जे. एफ. के. ह्युइट यांनी केले. त्यांचा अहवाल १८६९ चा आहे. गावटिया मालगुजार झाला आणि शेतांबरोबर गावालगतचे रानही त्याच्या नावावर चढले. कसत्या जमिनीच्या मानाने जे पडीक फारच जास्त होते, ते वगळून सरकारने आपल्या जंगलात घातले. उरलेले गावाच्या महालात राहिले. मध्य प्रांतातले खाजगी जंगल जन्माला आले ते असे, एका हिशेबाच्या वजाबाकीतून.

आता या जंगलावर सारा कसा बसवायचा? शेताचे सोपे होते. मातीचा मगदूर पाहायचा, पाणी पाहायचे, गावठाणापासूनचे अंतर पाहायचे आणि आकार ठरवायचा. पुढे जे. बी. फुलर यांच्या काळात तर मातीच्या प्रत्येक जातीला आकडा देऊन त्या आकड्यांवर गणित मांडण्याची पद्धत आली. रानाच्या मातीला मात्र कोणी असा आकडा दिला नाही. मालगुजाराच्या मिळकतीची तीन अंगे धरली जात. एक, कुळांकडून येणारा खंड. दुसरे, त्याची स्वतःची सीर आणि खुदकास्त जमीन, म्हणजे घरची शेती, तिचे अंदाजी मोल. तिसरे, ‘सिवाय’ उत्पन्न. मराठी दप्तरे चाळणाऱ्यांना ‘शिवाय जमा’ नवी नाही. मूळ जमेबाहेरची किरकोळ आवक तिथे लिहीत. मध्य प्रांताच्या बंदोबस्तात जंगल, गवत, मोहाची फुले, लाख, तलावातली मासळी हे सगळे या एका पोत्यात भरले गेले. तिन्हींची बेरीज करायची, तिचा ठरावीक हिस्सा सरकारचा. ती ‘कामिल जमा’.

याचा अर्थ नीट पाहायला हवा. जंगलावर कर होता, पण तो जंगलाच्या जमिनीवर नव्हता आणि झाडांवरही नव्हता. रानातून जो माल विकला गेला आणि ज्याचा पैसा मालगुजाराच्या हाती आला, त्या पैशावर होता. धमतरीकडे कुसुमाच्या आणि पळसाच्या झाडांवर लाख होई, तिला बाजार होता. ती सिवायमध्ये दिसे. बाहेरगावच्या गुराख्याने चराईचे पैसे दिले, ते दिसत. पण गावचीच गुरे बारा महिने ज्या रानात चरत, ज्यातून कुळे नांगराचे लाकूड, कुंपणाच्या काट्या, चुलीचे सरपण आणत, ते रान हिशेबात जवळपास शून्य. ते हक्क ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाच्या वेगळ्या कागदात लिहिलेले असत: निस्तार, म्हणजे रोजच्या गरजेपुरता रानाचा वापर, कोणाला, कशाचा, फुकट की काही देऊन. म्हणजे गावाला जे रान सर्वांत जास्त उपयोगी, ते साऱ्याच्या कागदावर सर्वांत हलके. या एका गोष्टीने पुढचे बरेच रामायण घडवले, असे माझे मत आहे.

क्षेत्राच्या गोषवाऱ्यात पडिकाची वर्गवारीही याच नजरेने होई. एका रकान्यात झाडांचे जंगल, दुसऱ्यात झुडपे आणि गवत, मग डोंगर-खडक, पाण्याखालची जमीन, रस्ते आणि वस्ती. हिंदी कागदांत हे ‘बडे झाड का जंगल’ आणि ‘छोटे झाड का जंगल’ झाले. विदर्भातल्या मराठी कागदांत ‘झुडपी जंगल’ आले. मोठ्या झाडांपासून पुढेमागे इमारती लाकडाची आवक होऊ शकते, झुडपांपासून नाही. पटवाऱ्याने रकाने भरले ते या हिशेबाने. वनस्पतिशास्त्राची पाहणी म्हणून त्याने ते भरलेच नव्हते. जमीनदाऱ्यांत तर एवढेही बारीक पाहिले जात नसे. रायपूर, बिलासपूर, चांदा इथल्या जमीनदारांकडून पुरी जमा न घेता ‘टाकोळी’ घेतली जाई. सवलतीची रक्कम होती ती. जंगलाचे उत्पन्न ध्यानात घेऊन कमीजास्त होणारी.

१९५१ च्या पहिल्या क्रमांकाचा कायदा या सगळ्यावर कोसळला. नाव लांबलचक आहे: मध्य प्रदेश मालकी हक्क (इस्टेट, महाल, दुमाला जमिनी) निर्मूलन कायदा, १९५०. ३१ मार्च १९५१ या दिवशी मालगुजार आणि जमीनदार यांचे हक्क सरकारजमा झाले. त्याच्या चौथ्या कलमातली यादी मुद्दाम वाचावी अशी आहे. लागवडीची जमीन, पडीक जमीन, गवताळ जमीन, झुडपी रान, जंगल, झाडे, मासेमारी, विहिरी, तलाव, पाण्याचे पाट, नावा, पायवाटा, गावठाण, हाट, बाजार, जत्रा. आणि जमिनीखालची खनिजे. कायदा लिहिणाऱ्याने ‘झुडपी रान’ आणि ‘जंगल’ यांच्यामध्ये स्वल्पविराम घातला आहे. त्याच्या समोर बंदोबस्ताचे रकाने होते आणि त्या रकान्यांत या दोन वेगळ्या बाबी होत्या. नव्या मालकाने, म्हणजे राज्याने, दोन्ही घेतल्या, पण वेगवेगळ्या नावांनी घेतल्या. पंचाहत्तर वर्षांनी हा स्वल्पविराम किती महाग पडला ते पुढे येईलच.

भरपाईचा हिशेबही जुन्याच कागदांवर बेतला होता. कुळांचा खंड आणि सिवाय उत्पन्न यांवरून ढोबळ मिळकत काढायची, वजावटी करायच्या आणि जी निव्वळ मिळकत राहील तिच्या पटीत रक्कम द्यायची. ज्यांचे वैभव शेतात नसून जंगलात होते त्यांना हे झोंबले. अहेरीचे जमीनदार विश्वेश्वरराव यांनी सर्वोच्च न्यायालयात कायद्याला आव्हान दिले. चांदा जिल्ह्याच्या सिरोंचा तहसिलातली त्यांची जमीनदारी, शिवाय गडचिरोली तहसिलात मालगुजारी गावे; अफाट रानाचा मुलूख. भरपाई नाममात्र आहे, हा त्यांच्या बाजूचा एक मुख्य मुद्दा. १९५२ साली, बिहारच्या कामेश्वरसिंहांच्या खटल्याबरोबरच, न्यायालयाने कायदा उचलून धरला. इथे एक गंमत नोंदवावीशी वाटते. सारा बसवताना जंगलाची मिळकत कमी दिसणे ज्या घराण्यांच्या पथ्यावर पडत आले होते, त्यांच्याच वारसांना भरपाईच्या वेळी तो कमीपणा नडला.

शांताबाईंच्या कागदाचे काय झाले? कायदा लागू झाल्यावर त्यांचे काम थांबले. ऑगस्ट १९५१ मध्ये भंडाऱ्याच्या उपायुक्तांनी त्यांना काही अटींवर तोडीची परवानगी दिली. नंतर वनखात्याने ती मोडली आणि १९५७ साली त्या थेट सर्वोच्च न्यायालयात गेल्या. अशा त्या एकट्याच नव्हत्या. तेंदूपाने, लाख, लाकूड यांचे ठेके मालगुजारांकडून घेतलेले अनेक व्यापारी आधीच कोर्टात होते. १९५३ च्या छोटाभाई जेठाभाई पटेल खटल्यात ठेकेदारांची सरशीही झाली होती: ठेका हा केवळ मालाच्या विक्रीचा करार, मालकी हक्क गेला तरी तो उरतो, असे तेव्हा ठरले. मार्च १९५८ मधल्या शांताबाईंच्या निकालात विव्हियन बोस यांनी वेगळे मत लिहिले. बोस नागपूरचे, तिथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले, या मुलखाची राने त्यांना परकी नव्हती. लगेच तोडायचे लाकूड ही एक गोष्ट, आणि पुढची बारा वर्षे त्याच मातीतून वाढत राहणारे झाड ही दुसरी, असे त्यांनी सांगितले. वाढणाऱ्या झाडाचा हक्क म्हणजे स्थावरातला हक्क; तो शंभर रुपयांवरचा असेल तर कागद नोंदवलेला हवा. हा नव्हता. अर्ज फेटाळला गेला. १९५९ साली महादेव विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात छोटाभाईंच्या निकालातली विचारसरणीही न्यायालयाने बाजूला ठेवली. लाकूड पुन्हा जमिनीला चिकटले.

त्याच सुमारास आयकराच्या बाजूनेही हाच प्रश्न सुटत होता. १९५७ च्या राजा बिनयकुमार सहास रॉय यांच्या खटल्यात, आपोआप उगवलेल्या रानाचे उत्पन्न शेतीचे नव्हे, त्यावर आयकर बसेल; माणसाने मशागत करून, लावून, जोपासलेल्या रानाचे उत्पन्न मात्र शेतीचे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. जमिनीवर सारा बसलेला असणे पुरेसे नाही. घाम कोणाचा गळला ते पाहायचे. भारतात खाजगी वनाच्या करवर्गवारीचा प्रश्न निघाला की आजही गाडी या निकालापाशी येऊन थांबते.

१९५१ नंतर मध्य प्रांतातल्या त्या रानावर सारा भरणारा कोणी उरला नाही; मालक सरकार, घेणारेही सरकार. करासाठी पाडलेले रकाने खरे तर तिथेच निकामी व्हायला हवे होते. पण महसुली कागदाचा स्वभाव असा, की रकाना मरत नाही, त्याला दुसरे काम लावले जाते. १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखात तेच शब्द उतरवले गेले. मग निस्तार पत्रक आले. १९५९ च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेच्या २३७ व्या कलमात जिल्हाधिकाऱ्याने पडिकातून कशाकशासाठी जमीन राखून ठेवायची याची यादी आहे: लाकूड-सरपण, चराई आणि बीड, स्मशान, गावठाण, पडाव, खळे, बाजार, कातडी सोलण्याची जागा, खताचे खड्डे, शाळा, मैदान, रस्ते. गावाला लागणारे सगळे काही छोट्या झाडांच्या जमिनीतूनच निघणार होते. महाराष्ट्राच्या १९६६ च्या संहितेनेही निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज, १६१ आणि १६५ या कलमांत, विदर्भाचा वारसा म्हणून जपले.

मधल्या काळात वाटा फुटल्या होत्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्य प्रदेशात राहिले. मध्य प्रदेशाने १९५८ साली जमीनदारी-मालगुजारीतून आलेले रान सरसकट ‘संरक्षित वन’ म्हणून अधिसूचित केले. चांगले कोणते, वाईट कोणते ते मागाहून मोजून ठरवू म्हणाले. मोजणी रखडली. नकाशावर जे क्षेत्र नारंगी रंगाने दाखवले गेले ते वनखात्याचे की महसुलाचे, हा वाद छत्तीसगढ वेगळे झाल्यावरही सोबत आला.

रायपूरच्या समता कॉलनीत किंवा शेजारच्या चौबे कॉलनीत, जिथे महाराष्ट्र मंडळ आहे, एखाद्या मराठी गृहस्थाने शहराबाहेर जमीन घ्यायची म्हटली तर त्याचा वकील आजही त्याला याच कागदांच्या मागे धाडतो. ‘भुइयां’ या जमीन-नोंदींच्या संकेतस्थळावर बी-वन आणि खसरा काढा, मग जिल्हा कार्यालयाच्या अभिलेखागारातून मिसल, म्हणजे जुन्या बंदोबस्ताची नोंद, काढा. १९२९-३० च्या मिसल बंदोबस्ताची नक्कल छत्तीसगढात जातीच्या दाखल्यासाठीही लागते, त्यामुळे त्या खिडकीपुढे गर्दी असते ती बहुतेक जमिनीसाठी नसतेच. पण जमीनवाला ज्या ओळीसाठी जातो ती ‘मद’ची, म्हणजे जमिनीच्या वर्गवारीची. आजच्या खसऱ्यात भूमिस्वामीचे नाव असेल, पीकही लिहिलेले असेल. मिसलमध्ये त्याच नंबरापुढे ‘छोटे झाड का जंगल’ निघाले की सौदा तिथेच अडतो. शंभर वर्षांपूर्वी ज्या नोंदीचा अर्थ ‘यातून मालगुजाराला फारसे काही मिळत नाही’ एवढाच होता, तिचा अर्थ आता ‘हात लावू नका’ असा आहे.

हा अर्थ बदलला तो दोन तारखांनी. २५ ऑक्टोबर १९८० ला वन संवर्धन कायदा आला: वन वनेतर कामाला वापरायचे तर केंद्राची परवानगी. वन म्हणजे काय, हे कायद्याने सांगितले नव्हते. ते १२ डिसेंबर १९९६ रोजी, टी. एन. गोदावर्मन तिरुमुलपाद यांच्या याचिकेत, न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आणि बी. एन. किरपाल यांनी सांगितले. शब्दकोशातल्या अर्थाने जे वन आहे ते वन. आणि सरकारी कागदात वन म्हणून ज्याची नोंद आहे तेही वन, मालक कोणीही असो. दुसऱ्या अर्ध्या वाक्याने जुन्या रकान्यांना अचानक तोंड फुटले.

मुंबईत हीच गोष्ट वेगळ्या कागदावरून घडली. १९५६-५७ मध्ये भारतीय वन कायद्याच्या ३५(३) कलमाखाली निघालेल्या नोटिसांच्या आधारे, १९७५ च्या महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) कायद्याने विक्रोळीतली गोदरेजची जमीन सरकारजमा झाली असा दावा सरकारने कित्येक वर्षांनी केला. तोवर तिथे रीतसर परवानगीने इमारती उभ्या राहिल्या होत्या. ३० जानेवारी २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा दावा नाकारला: पन्नास वर्षे पडून राहिलेली, पुढे न नेलेली नोटीस जमीन वन ठरवू शकत नाही. तिथे निदान लढायला मालक होता. विदर्भातल्या झुडपी जमिनीचा मालक सरकार आणि वापरणारे लोक, म्हणून भांडण सरकारच्याच दोन खात्यांत रेंगाळले.

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हे ते सहा जिल्हे. झुडपी जंगलाची नोंद १,७८,५२५ हेक्टरांवर. त्यातले ९२,११५ हेक्टर वनखात्याने घेण्याजोगे आणि ८६,४०९ हेक्टर वनाला निरुपयोगी, असे राज्याने फार पूर्वीच मोजून ठेवले होते. निरुपयोगी ठरलेल्यावर शाळा, दवाखाने, स्मशाने, घरे उभी होती. नागपुरात उच्च न्यायालयाच्या खंडपीठाची इमारत, जुने सचिवालय, संरक्षण खात्याची ठाणी यांच्याखालची जमीनही याच नोंदीतली. २२ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने निकाल दिला: १९९६ च्या आदेशाप्रमाणे झुडपी जंगल हे वनच. गवई स्वतः विदर्भाचे. या नोंदीची कुळकथा त्यांना समजावून सांगावी लागली नसणार.

निकाल सरळ मार्गाने गेला असता तर निम्मे नागपूर अतिक्रमण ठरले असते. तसे झाले नाही. १२ डिसेंबर १९९६ पर्यंत सक्षम अधिकाऱ्याने वाटलेल्या जमिनी वनाच्या यादीतून वगळण्यासाठी राज्याने जिल्हावार प्रस्ताव करावा आणि केंद्राने पर्यायी वनीकरणाची अट न घालता त्यावर निर्णय घ्यावा, असे ठरले. त्यानंतरच्या वाटपांना कारणे द्यावी लागतील आणि वाटणाऱ्या अधिकाऱ्यांची नावेही. मला हा मार्ग व्यवहाराच्या दृष्टीने पटतो; इतिहासाच्या दृष्टीने मात्र तो जुन्या कागदावर त्याने कधी न केलेले विधान लादतो. पटवाऱ्याने ‘हे वन आहे’ असे म्हटलेच नव्हते. आणि तरी उलट बाजूही खरी: ज्या रानाचे मोल सिवायच्या हिशेबाने शून्य धरले त्यातच गावची गुरे जगली, आणि ते वाचवायला सारा बसवणाऱ्या साहेबाचा नव्हे, न्यायालयाचा रकाना कामी आला.

त्याच निकालानुसार बाकी राहिलेले तुकडे, तीन हेक्टरांहून लहान आणि कोणत्याही वनक्षेत्राला न लागून असलेले, ‘संरक्षित वन’ घोषित करायचे आहेत. अतिक्रमणांसाठी प्रत्येक जिल्ह्यात पथक नेमायचे आहे आणि त्याला दोन वर्षे दिली आहेत. महसूल खात्याकडची उरलेली झुडपी जमीन वनखात्याकडे जायची आहे. दुसरीकडे तोडलेल्या जंगलाच्या बदली या जमिनीवर झाडे लावायची असतील, तर आधी मुख्य सचिवांनी वनेतर जमीन शिल्लक नाही असे लिहून द्यावे लागेल, आणि तेव्हाही क्षेत्र दुप्पट धरावे लागेल.